हसन फतही : इजिप्तच्या मातीतला वास्तुकार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हसन फतही कोण होते?

विसाव्या शतकातले इजिप्तचे वास्तुकार आणि नगररचनाकार. जन्म 23 मार्च 1900, अलेक्झांड्रियात. मृत्यू 30 नोव्हेंबर 1989, कैरोत. जगभरच्या आर्किटेक्चर कॉलेजांत त्यांचं नाव घेतलं जातं ते कच्च्या विटांच्या बांधकामामुळे आणि लक्सरजवळच्या नव्या गुर्ना या गावामुळे. पण ‘मातीची घरं बांधणारा माणूस’ एवढ्यावर थांबलं की निम्मं हुकतं. त्यांनी मशिदी, शाळा, बाजार आणि बंगले बांधले, दोन अख्खी गावं आखली, अथेन्सच्या नगररचना संस्थेत काम केलं आणि कैरोत बरीच वर्षं शिकवलं. त्यांच्या कामात मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्यांनी गवंड्याला दिलेली जागा. हा मुद्दा पुढे पुन्हा पुन्हा येईल, त्याला इलाज नाही.

श्रीमंत घरातला मुलगा खेड्याकडे कसा वळला?

घर जमीनदाराचं होतं, पण वडील आपल्याच शेतावर फिरकत नसत. खेडं म्हणजे माश्या, डास आणि दूषित पाणी, असं त्यांचं ठाम मत. आईचं बालपण मात्र खेड्यात गेलेलं, आणि ती त्याच्या आठवणी काढत असे. मुलाच्या डोक्यात ही दोन्ही चित्रं एकावर एक बसली. त्याला शेतकीच शिकायची होती, पण प्रवेश परीक्षेत नापास झाला आणि आर्किटेक्चरकडे गेला. 1926 साली पदवी मिळाली. तोवर खेडं त्यांनी जवळून पाहिलेलंच नव्हतं. पुढे घरच्या शेतावर पहिल्यांदा गेले तेव्हा कुळांच्या झोपड्या पाहून हबकले. नोकरीतल्या पहिल्या कामांपैकी एक होतं नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या तल्खा गावची शाळा. तिथल्या गल्ल्यांमधून रोज जाणं त्यांना इतकं जड गेलं, की हे सगळं बदलायला हवं ही गोष्ट डोक्यातून गेलीच नाही.

मग पहिल्यापासून मातीच वापरत होते का?

नाही. पदवीनंतरची दहाएक वर्षं त्यांनी शिकवलं गेलं तसंच काम केलं. म्हणजे युरोपीय शैलीच्या इमारती, सपाट छतं, त्या काळची फॅशन. 1930 पासून ते कैरोच्या ललित कला विद्यालयात शिकवू लागले होते. वळण दिसतं ते 1937 साली. मनसुरा आणि कैरो इथे त्यांनी जलरंगातल्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं, त्यात कच्च्या विटांची ग्रामीण घरं होती. घरं बांधण्याआधी त्यांनी ती रंगवली, असं म्हणता येईल. छत कसं टिकवायचं, हा प्रश्न कागदावर पडतच नाही. तो पुढे पडला.

1941 साली नेमकं काय घडलं?

दुसरं महायुद्ध चालू होतं. लोखंड आणि लाकूड बाहेरून येणं बंद. कैरोजवळ बहतीम इथे शेतकी संस्थेसाठी फतही मातीची घरं बांधत होते. भिंती सहज उभ्या राहिल्या, पण छताला लाकूड कुठून आणायचं? कमानीचं छत घालावं तर त्याच्या सेंट्रिंगलाही लाकूडच लागतं. सेंट्रिंगशिवाय प्रयत्न केले आणि कमानी कोसळल्या. तेव्हा असवान धरणाच्या कामावर असलेल्या थोरल्या भावाने सांगितलं, की इजिप्तच्या दक्षिण टोकाला असलेल्या नुबियातले लोक आधाराशिवाय कमानीची छतं घालतात.

फेब्रुवारी 1941 मध्ये फतही विद्यार्थ्यांना घेऊन असवानला गेले. नाईलच्या पश्चिम काठावरच्या गर्ब असवान गावात त्यांना हवं ते सगळं समोरच उभं दिसलं. उंच कमानी, घुमट, रंगवलेल्या स्वच्छ भिंती, आणि एकही वास्तुकार नाही. तिथे त्यांना बोगदादी अहमद अली हा मिस्त्री भेटला. दोन गवंड्यांनी दीड दिवसात एका खोलीवर छत घालून दाखवलं. इंजिनिअरिंग कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं आणि कुठल्या पुस्तकातही नव्हतं. फतहींचं मोठेपण असं, की त्यांनी ती युक्ती टिपून घेऊन आपल्या नावावर खपवली नाही. ते गवंड्यांनाच घेऊन उत्तरेला आले, आणि त्यांची नावं लिहून ठेवली.

आधाराशिवाय छत पडत कसं नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर.

खोलीच्या दोन्ही बाजूंच्या भिंती ठरल्या उंचीपर्यंत नेतात आणि मागची भिंत त्याहून बरीच वर चढवतात. बाजूच्या भिंतींवर आडवी फळी टाकून मिस्त्री तिच्यावर उभा राहतो आणि मागच्या भिंतीवर चिखलाने कमानीचा आकार काढतो. दोरी नाही, माप नाही, सगळं नजरेने. हा आकार अर्धगोल नसतो, तो उभट असतो. साखळी दोन टोकांना धरून सैल सोडली की तिला जो झोळ पडतो, तो उलटा केल्यासारखा. त्यामुळे छतातली प्रत्येक वीट फक्त दाबली जाते, ताण कुठेच येत नाही. माती दाब सोसते, ताण सोसत नाही, आणि सगळी गंमत एवढ्यावर आहे.

आता पहिला थर. तो सरळ उभा न रचता मागच्या भिंतीवर रेलून रचतात. तळाशी विटा अशा बसवतात की थराला तिरकेपणा येतो, पुढचा थर या थरावर रेलतो, त्याच्या पुढचा त्याच्यावर. प्रत्येक वेळी नवी वीट मागच्या थराला टेकलेली असते, म्हणून खालून धरून ठेवायला काही लागत नाही. विटाही वेगळ्या असतात. साधारण 25 सेंटिमीटर लांब, 15 रुंद आणि जेमतेम 5 जाड, आणि वजन कमी राहावं म्हणून त्यात भुसा जास्त. ओल्या विटेवर बोटांनी दोन रेघा ओढलेल्या असतात, त्यामुळे ती चिखलाला घट्ट चिकटते. बाहेरच्या बाजूच्या सांध्यांत खापऱ्या किंवा दगडाच्या कपच्या ठोकतात. हत्यार म्हणाल तर एक वाकस.

आणि हे किती टिकतं? लक्सरच्या पश्चिम काठावर दुसऱ्या रामसेसच्या रामेसियम मंदिरामागे धान्याची कोठारं आहेत. त्यांची छतं याच पद्धतीची, कच्च्या विटांची. त्यांना सुमारे 3,200 वर्षं झाली आणि त्यातली काही अजून उभी आहेत. अर्थात तिथे पाऊस जवळजवळ पडत नाही, हे विसरून चालणार नाही. कोकणात हा प्रयोग करू नये.

नवं गुर्ना हे प्रकरण काय आहे?

लक्सरसमोर नाईलच्या पश्चिम तीरावर थडग्यांच्या डोंगरावर गुर्ना गाव वसलेलं होतं. सुमारे 7,000 वस्ती. प्राचीन सरदारांची थडगी अक्षरशः घरांखाली. काही घरांतून थेट थडग्यात उतरता यायचं आणि पुरातन वस्तू विकणं हा गावातल्या अनेकांचा पिढीजात धंदा होता. 1940च्या दशकात एक नोंद असलेलं अख्खं शिल्प खडकातून कापून चोरीला गेलं, बोभाटा झाला आणि सरकारने गाव उठवायचं ठरवलं. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख एत्येन द्रियोतों यांनी फतहींची मातीची स्वस्त घरं पाहिली होती. 1945 साली नव्या गावाचं काम फतहींकडे आलं. जागा मेम्नॉनच्या प्रचंड पुतळ्यांजवळची, सुमारे 50 एकर सपाट शेतजमीन.

फतहींनी एकच नकाशा नऊशे वेळा छापला नाही. कोणतं कुळ कुणाशेजारी राहतं, कुणाकडे किती गुरं आहेत, पाहुणे कुठे बसतात, याचा विचार करून भाऊबंदांच्या घरांचे पुंजके एकेका चौकाभोवती मांडले. रस्ते मुद्दाम वळणाचे आणि अरुंद ठेवले, म्हणजे सावली राहते आणि परका माणूस सहज आत घुसत नाही. मशीद, बाजार, मुलामुलींच्या वेगळ्या शाळा, कारागिरांसाठी खान म्हणजे सराई, आणि चक्क एक नाट्यगृह! विटांसाठी माती काढून जो खड्डा झाला, त्याचं स्वच्छ वाहत्या पाण्याचं तळं करायचं होतं, म्हणजे मुलं कालव्यात पोहून बिल्हार्झियाच्या कृमींना बळी पडणार नाहीत. गावातल्या तरुणांना असवानच्या मिस्त्रींच्या हाताखाली शिकायला ठेवलं होतं. एक माणूस स्वतःचं घर बांधू शकत नाही, पण दहा माणसं मिळून दहा घरं सहज बांधतात, असं फतही म्हणत, आणि त्यांचा सगळा हिशोब या सहकारावर उभा होता.

मग गावकरी तिथे राहायला का गेले नाहीत?

कारण त्यांना जायचंच नव्हतं. चकचकीत मासिकांतल्या लेखांतून हे वाक्य नेहमी गळतं.

डोंगरावरून हलवणं म्हणजे त्यांची मिळकत हिरावून घेणं होतं. नुसत्या चोरीची नव्हे, पर्यटकांवर चालणाऱ्या साध्या रोजगाराचीसुद्धा. फतही जातिवंत संवेदनशील माणूस. गावकऱ्यांना घर कसं हवं, हे त्यांनी खूप विचारलं. घर हलवायचं का, हा प्रश्न विचारायचा अधिकार त्यांना नव्हता, आणि सगळी गोची तिथेच होती. गवंड्याला बरोबरीने वागवणारा वास्तुकार घरमालकाच्या बाबतीत शेवटी सरकारचाच माणूस ठरला.

दुसऱ्या बाजूने सरकारी खाती. पैसे वेळेवर सुटायचे नाहीत, भुसा विकत घ्यायला मंजुरी लागायची, कामगारांचे पगार अडकायचे. 1947 साली इजिप्तमध्ये कॉलऱ्याची साथ आली. पुढे कुणीतरी बांध फोडून नव्या गावात पाणी सोडलं. 1948 च्या सुमारास काम थांबलं, तेव्हा मशीद आणि सार्वजनिक इमारती बऱ्याचशा झाल्या होत्या, पण ठरलेल्या घरांपैकी थोडीच उभी होती. जुनं गुर्ना तसंच राहिलं. ते शेवटी रिकामं केलं गेलं 2006 नंतर, बुलडोझर लावून, आणि लोकांना हलवलं ते तिसऱ्याच ठिकाणच्या काँक्रीटच्या घरांत.

घुमटामुळे लोक बिथरले, हे खरं आहे का?

काही प्रमाणात. घुमट असतो मशिदीला आणि कबरीला, राहत्या घराला नाही, अशी त्या भागातली भावना होती. नुबियात घरावर कमान चालत होती, म्हणून ती लक्सरलाही चालेल, हे फतहींचं गृहीतक. दोन्ही इजिप्तच, पण अंतर दोनशे किलोमीटरचं. तरीही सगळं खापर घुमटावर फोडणं मला सोयीचं वाटतं. माणसं घुमटाखाली राहायला शिकतात, पोटावर पाय आला तर कुठेच राहत नाहीत.

बायकांना कुणी काही विचारलं का?

जवळजवळ नाही. पडदा असल्यामुळे परक्या पुरुषाने बायकांशी बोलणं अशक्य होतं, आणि ही उणीव फतहींनी स्वतः कबूल केली आहे. पण मग पाण्याचं पाहा. घरोघरी नळ देण्याऐवजी त्यांनी चौकात सार्वजनिक पंप ठेवायचं ठरवलं. पाण्याच्या निमित्ताने बायका घराबाहेर पडतात, एकमेकींना भेटतात, लग्नाच्या मुलींना लोक पाहतात, तेवढंही जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. विचार प्रेमळ आहे. पण भरलेला घडा डोक्यावरून कुणी न्यायचा?

अथेन्समध्ये ते काय करत होते?

1957 ते 1961 या काळात ते ग्रीक नगररचनाकार कॉन्स्टँटिनोस डॉक्सियाडिस यांच्या संस्थेत होते. ही संस्था आकडेवारी, चौकटी आणि भविष्यातल्या शहरांचे आराखडे यांवर चालणारी. फतहींनी इराकच्या गृहयोजनांवर काम केलं आणि आफ्रिकेतली शहरं हिंडून पाहिली. जातिवंत आधुनिक नियोजनाच्या कारखान्यात मातीवाला माणूस, ही जोडी विजोड वाटते. परत आल्यावरचं त्यांचं काम मात्र हवामान आणि आकड्यांच्या बाबतीत जास्त काटेकोर झालेलं दिसतं.

नवं बारीस म्हणजे कोणतं?

पश्चिम वाळवंटातल्या खार्गा मरुद्यानाजवळचं गाव. जमिनीखाली पाण्याचा मोठा साठा सापडल्यावर 250 कुटुंबांसाठी ते आखलं. इथे कुणाला उठवायचं नव्हतं. उन्हाळ्यात तिथला पारा 45 अंशांच्या पुढे जातो, आणि शेतमाल साठवायचा होता. फतहींनी बाजाराच्या इमारतीवर वारा पकडणारे उंच मनोरे ठेवले आणि हवा खाली तळघरात उतरवली. विजेशिवाय आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा 15 अंशांपर्यंत कमी राहिल्याची नोंद आहे. 1967 च्या युद्धाने काम थांबलं ते कायमचं. बाजार अजून तिथे आहे, वस्ती नाही.

एसीशिवाय गारवा खरंच मिळतो की ही दंतकथा आहे?

मोजलेलं आहे. 1964 च्या मार्च महिन्यात कैरोच्या बांधकाम संशोधन केंद्राच्या आवारात प्रयोगासाठी खोल्या बांधल्या होत्या. एक कच्च्या विटांची, 50 सेंटिमीटर जाड भिंतींची आणि वर कमान-घुमट असलेली. दुसरी 10 सेंटिमीटरच्या तयार काँक्रीट पट्ट्यांची. मातीच्या खोलीतलं तापमान दिवसरात्र 21 ते 23 अंशांत राहिलं. काँक्रीटच्या खोलीत ते 36 पर्यंत चढलं, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा 9 अंश जास्त!

जाड भिंत दिवसा उष्णता आत पोचू देत नाही, हा एक भाग. दुसरा भाग हवेचा. कैरोत वारा उत्तरेकडून येतो. जुन्या हवेल्यांच्या छतावर त्या दिशेला तोंड करून मलकफ असायचा, म्हणजे वारा पकडणारं उघडं धुराडं. गार हवा त्यातून मुख्य दिवाणखान्यात उतरायची आणि तापलेली हवा उंच छताच्या झरोक्यांतून निघून जायची. चौदाव्या शतकातल्या मुहिब अद-दीन यांच्या हवेलीतला हा मार्ग फतहींनी बारकाईने अभ्यासला. मशरबिया ही लाकडी जाळीही त्यांनी शोभेपलीकडे नेली. डोळ्यांच्या पातळीवर बारीक जाळी ठेवायची म्हणजे उन्हाची तिरीप येत नाही, वरच्या भागात मोठी जाळी म्हणजे हवा खेळते. या सगळ्यावर त्यांनी 1986 साली निसर्गातली ऊर्जा आणि पारंपरिक वास्तुकला यांवर स्वतंत्र पुस्तक काढलं.

त्यांना आधुनिकतावादी म्हणायचं की परंपरावादी?

यावर वास्तुकारांत अजून भांडणं होतात. शेजारी सय्यद करीम यांना ठेवून पाहिलं तर फरक स्वच्छ दिसतो. करीम 1911 साली जन्मले, झुरिकला शिकले, 1939 साली ‘अल-इमारा’ हे अरबीतलं वास्तुकलेचं मासिक काढलं आणि 1950च्या दशकात कैरोच्या पूर्वेला वाळवंटात नस्र सिटी हे प्रचंड उपनगर आखलं. काँक्रीट, रुंद रस्ते, मोकळे ठोकळे. राष्ट्राध्यक्ष नासरच्या इजिप्तला ते चित्र हवं होतं. फतहींचं नको होतं.

पण फतहींना परंपरावादी म्हणणंही फसवं आहे. गुर्नामध्ये त्यांनी वापरलेली छतं तिथल्या गावाची परंपराच नव्हती, ती नुबियातून आणलेली. गरिबांच्या घराला वास्तुकाराची गरज आहे आणि नवं गाव बसवून समाज सुधारता येतो, हा विश्वास तर अस्सल विसाव्या शतकातला आधुनिक विश्वास आहे. माझ्या मते ते आधुनिकच होते, फक्त त्यांनी सिमेंटचं दुकान गाठलं नाही.

मातीचं घर खरोखर स्वस्त पडतं का?

साहित्य जवळजवळ फुकट, मजुरी मात्र फुकट नाही. शेजाऱ्यांनी मिळून काम केलं तर स्वस्त, सगळी माणसं रोजंदारीवर लावली तर हिशोब बदलतो. बाहेरचा गिलावा वरचेवर नव्याने करावा लागतो. असवानचं उंच धरण झाल्यावर नाईलचा गाळ शेतात यायचा थांबला आणि शेतातली माती विटांसाठी उकरणं परवडेनासं झालं, ही अडचण पुढे आली. त्याच धरणाने 1963-64 मध्ये सुमारे 50,000 नुबियन लोकांची गावं बुडवली. ज्यांच्याकडून फतही छत शिकले, त्यातल्या कित्येकांना सरकारने कोम ओम्बोजवळ काँक्रीटच्या ओळीत बसवलं.

गरिबांचे वास्तुकार म्हणतात, मग बंगलेच जास्त कसे?

हा टोला योग्य आहे. सरकारने पाठ फिरवल्यावर त्यांच्याकडे आले ते चित्रकार, विद्वान आणि पैसेवाले. लक्सरचं स्टॉपलेर यांचं घर, सिदी क्रेअरचं समुद्रकाठचं घर, ही त्यातली गाजलेली. मातीची राहणी श्रीमंतांची आवड बनली आणि शेतकरी काँक्रीटची स्वप्नं पाहत राहिला. 1981 च्या सुमारास तर अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अबिक्यू इथे त्यांनी मशीद बांधली, आणि बरोबर नेले ते नुबियन गवंडी.

भारताशी, महाराष्ट्राशी त्यांचा काही संबंध?

एक थेट धागा आहे. आगाखान वास्तुकला पुरस्कार सुरू करताना नेमलेल्या सुकाणू समितीत फतही होते आणि नवी मुंबईच्या आखणीत वाटा असलेले वास्तुकार चार्ल्स कोरियाही होते. मूळचे गोव्याचे कोरिया चौक, सावली आणि उघडं आकाश यांवर लिहीत असत. दोघांची उत्तरं वेगळी होती. कोरियांना मुंबईच्या लाखो स्थलांतरितांचं पाहायचं होतं, तिथे मातीच्या कमानीचा पाड लागणार नव्हता.

पुरस्कार कोणते मिळाले?

1980 हे वर्ष त्यांचंच म्हणावं लागेल. आगाखान पुरस्काराचा अध्यक्षीय सन्मान, इटली-स्वित्झर्लंडचा बाल्झान पुरस्कार आणि राइट लाइव्हलीहूड पुरस्कार, तिन्ही एकाच वर्षी. 1984 मध्ये आंतरराष्ट्रीय वास्तुकार संघटनेचं सुवर्णपदक. मला मात्र 1980 च्या आगाखान पुरस्कारांतली आणखी एक नोंद आवडते. फतहींचे शिष्य अब्देल वाहेद अल-वकील यांना अगामीच्या एका घरासाठी पुरस्कार मिळाला, आणि त्यात मिस्त्री अलादीन मुस्तफा यांचंही नाव आहे.

खासगी आयुष्याबद्दल काय माहीत आहे?

अझीझा हसनैन यांच्याशी विवाह झाला होता, तो टिकला नाही. व्हायोलिन वाजवत. अथेन्सहून परतल्यावर कैरोच्या किल्ल्याजवळ दर्ब अल-लब्बाना गल्लीतल्या एका जुन्या हवेलीत राहिले ते अखेरपर्यंत, मांजरांच्या गोतावळ्यात. जगभरचे विद्यार्थी तिथे जिने चढून येत.

वाचायला आणि पाहायला कुठून सुरुवात करावी?

वाचायला गुर्नाची हकिगत. ती 1969 साली कैरोत छापली गेली आणि 1973 मध्ये शिकागो विद्यापीठाने ‘आर्किटेक्चर फॉर द पुअर’ या नावाने काढली. स्वतःचा फसलेला प्रकल्प इतक्या रसाळपणे सांगणारे वास्तुकार थोडे. मात्र गावकऱ्यांची बाजू त्यात फतहींच्या तोंडून येते, हे ध्यानात ठेवून वाचावं. कागदपत्रं आणि रेखाचित्रं कैरोच्या अमेरिकन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत.

पाहायचं तर लक्सरहून पश्चिम तीरावर जाऊन मेम्नॉनच्या पुतळ्यांच्या रस्त्याला लागावं, नवं गुर्ना तिथून जवळ आहे. बरीच मूळ घरं पडली, कित्येकांवर रहिवाशांनी काँक्रीटचे मजले चढवले, भूजल वर आल्याने घरांच्या पायाला ओल लागली. 2010 साली ते जागतिक स्मारक निधीच्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत आलं. नंतर युनेस्कोच्या पुढाकाराने मशीद, खान आणि नाट्यगृहाची दुरुस्ती झाली. मशीद वापरात आहे, तेव्हा नमाजाची वेळ टाळून जावं. आणि छत घालताना पाहायची इच्छा असेल तर इजिप्तपेक्षा बुर्किना फासोत संधी जास्त. ‘ला वूत न्युबियेन’ ही संस्था 2000 पासून तिथल्या गवंड्यांना हीच पद्धत शिकवते आहे.